पांझरेचा पाट आणि मामाच्या गावचा फड

जानेवारीत चार दिवस सुट्टी जमली आणि तडक मामाकडे निघाले. धुळ्याहून कुसुंबा, नेर करत साक्री, तिथून पिंपळनेर रोड. लहानपणी पांझरा नदीवरचा गावचा पाट म्हणजे डुंबायची जागा, एवढंच ठाऊक होतं. तो तीन-चारशे वर्षं जुन्या फड पद्धतीचा पाट आहे हे पार कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून तो नीट बघायचाच होता.

फड म्हणजे काय तर नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग. एका फडात सगळे एकच पीक घेणार, इकडे ऊस तर तिकडे गहू, पुढच्या वर्षी फेरपालट. पंप नाही, वीज नाही, पाणी आपलं उताराने चालत येतं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे पाणी कमी पडलं तर एखादा फड कोरडा ठेवायचा आणि झळ सगळ्यांनी मिळून सोसायची.

सकाळी मामांसोबत गेले तर पाटकरी आबा गव्हाला पाणी देत होते. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. गवतासकट मातीचं एक ढेकूळ उचललं, चारीच्या तोंडात ठेवलं, टाचेने दाबलं, दोन सेकंदात पाणी वळलं पण. शेत कोणाचं हे पाटकरी बघत नाही, पाळी बघतो. पूर्वी त्याला आणि पीक राखणाऱ्या जागल्याला सुगीला धान्य मिळायचं, प्रत्येक घरातून.

आता विहिरी आणि बोअर वाढले, जो तो आपापलं पीक घेतो. आबा म्हणाले, "आते जेनी तेनी हीर शे, मंग कोन कोनले इचारस?"

हे ऐकून फार वाईट वाटलं मला. एकरी किती क्विंटल आले याचा हिशोब सगळे करतात, पण पाटाच्या साफसफाईला अख्खा गाव एकत्र यायचा, पाण्याची भांडणं पंच तिथेच बांधावर मिटवायचे, याची किंमत कोणत्या कॉलममध्ये लिहायची? एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना, २००२ पासून जगभरातल्या अशा जुन्या शेतीपद्धतींना वारसा म्हणून मान देते, आपल्याकडचं ओडिशातलं कोरापुट, काश्मीरचं केशर, केरळचं कुट्टनाड त्यात आहे. आपला फड त्या यादीत शोभेल असं मला मनापासून वाटतं, पण आधी तो आपल्याच पोरांना माहीत व्हायला हवा ना.

दुपारी मामींनी कळण्याची भाकर, ठेचा आणि भरीत वाढलं, आणि विषय आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर गेला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतगड्याचं वर्ष आखाजीला संपायचं आणि नवं तिथूनच सुरू व्हायचं, त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी यायच्या, पाटाकाठच्या निंबाला झोका बांधून गाणी म्हणायच्या. माझी आई पण त्यातलीच. संध्याकाळी मुद्दाम जाऊन तो निंब पाहिला, फांदीवर दोराच्या घासाची खाच अजून आहे, बोट बसेल एवढी खोल.

निघताना म्हटलं मामा, आखाजीला आईला घेऊन येते. तर मामा लगेच म्हणाले, "मंग दोर तूच लई येजो, पक्का."