माळावर खड्डे घेण्याआधी

जून आला की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत माळावर ओळीनं खड्डे पडतात. मुरूम वर येतो, रोप आत जातं, मार्चपर्यंत काटकी उरते आणि दोष पावसाला मिळतो. पाऊस कमीच आहे, वाद नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,५०० मि.मी.च्या घरात आणि माणला ५००च्या आसपास! पण हा माळ मुळातच गवताचा. खिल्लार गाय-बैल आणि माडग्याळ मेंढी त्याच गवतावर पोसली गेली. म्हणून आधी माती बघा, मग गवत लावा, झाडांचं नंतर.

पहार घेऊन माळभर दहा-पंधरा ठिकाणी ठोकून बघा. वीतभरात कातळ किंवा घट्ट मुरूम लागला तर तिथे झाडाचा हट्ट सोडा. खोल माती बहुतेक ओघळीच्या कडेलाच सापडते. ढेकळावर संडास धुवायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका (हातमोजे घालून). फसफसलं तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि नर्सरीतली नाजूक रोपं पिवळी पडतात. हिवर, बोर, बाभूळ तग धरतात.

सगळ्यात उपयोगाची परीक्षा पाणी मुरण्याची. सहा इंची पीव्हीसी पाइपचा १२ सें.मी.चा तुकडा घ्या, वर फळी ठेवून ७-८ सें.मी. आत ठोका. आतल्या कडेची माती बोटानं दाबा, नाहीतर मुरमाच्या फटीतून पाणी बाजूनं निसटतं आणि जमीन उगाच चांगली वाटते. आत प्लॅस्टिकचा कागद पसरा, ४४० मि.ली. पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या. हे झालं २५ मि.मी. पावसाएवढं पाणी. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ते मोजायचं नाही. पुन्हा तेवढंच ओतून घड्याळ लावा. दहा-पंधरा मिनिटांत जिरलं तर उत्तम. तासभर तसंच राहिलं तर वळवाची सर तिथून वाहूनच जाणार. हीच परीक्षा उघड्या जागेवर आणि तरवडाच्या झुडपाच्या बुडाशी करून बघा. बुडाशी पालापाचोळा आणि मुळांमुळे माती भुसभुशीत असते, पाणी पटकन आत जातं. पेरणी तिथूनच सुरू करायची. हेकळ, बोरीच्या काट्यांत शेळीचं तोंडही सहजी पोचत नाही.

उघड्या, पापुद्रा धरलेल्या जागी कुदळीनं २-३ सें.मी. खोल ओरखडे काढा, उताराला आडवे. वर काटेरी फांद्या टाका, बी आणि गाळ अडतो. जेसीबीनं चर मारायची घाई नको. वीतभर माती पालथी पडून कोरा मुरूम वर येतो आणि उरलेली गवताची ठोंबंही जातात.

बी जवळच्याच माळावरचं घ्या: पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओंब्या पिवळ्या पडल्या की ओरबाडायचं. यातलं बरंचसं पोकळ निघतं. शंभर कुसं (बीवरची केसाळ टरफलं) बोटांत चोळून आत दाणा किती आहे ते मोजा आणि त्या हिशेबानं बी वाढवा. ताजं बी नीट उगवत नाही. कापडी पिशवीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवा. हेक्टरी ५-६ किलो पुरतं. कुसं एकमेकांत अडकतात, म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती, एक भाग वाळू अशा हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवायच्या. लिंबाएवढे सीडबॉल फोटोत छान दिसतात, पण गवताचं बी त्यात गुदमरतं. सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. कोरड्यात पेरलं तर मुंग्या नेतात, आणि मृगाच्या सरीला भुललं तर पुढच्या उघडिपीत कोंब करपतात. अर्धं आर्द्रात, अर्धं मघात असं वाटून टाकलेलं बरं.

खत अजिबात नको. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेची शिफारस पिकासाठी असते. माळावर युरिया पडला की गाजर गवतच आधी माजतं.

चराईबंदीचं मात्र मेंढपाळांशी बसूनच ठरवा. अख्खा माळ बंद केला तर कळप रात्री येणारच. एक तुकडा दोन पावसाळे बंद, बाकी खुला, आणि बंद तुकड्यातलं गवत बी झडल्यावर कापून न्यायची मुभा. कापलं नाही तर वाळलेल्या गवताला वणवा लागतो, म्हणून कडेनं जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) हवीच. दुसऱ्या दिवाळीला कुसळीच (टोचऱ्या कुसांचं हलकं गवत) जास्त दिसली तर बंदी आणखी वर्षभर वाढवा. पवन्या-मारवेलाची ठोंबं पसरली असतील तर दुसरा तुकडा बंद करायला घ्या, आणि ओघळीच्या कडेला हिवराचं बी टोका. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवलेलं.