तीन लिप्यांच्या सराव-अ‍ॅपची डिझाइन सिस्टिम: माझा अनुभव

बडोद्यातल्या शाळकरी मुलांचं हे सराव-अ‍ॅप मराठी, गुजराती आणि इंग्रजीत चालत होतं, पण दिसायला तीन निरनिराळी अ‍ॅपं. म्हणून डिझाइन सिस्टिम, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणारे रंग, अक्षरं आणि बटणांचे ठरलेले नियम, बांधायला घेतली. आम्ही रिवाजाप्रमाणे आधी रंग, मग बटणं असं सुरू केलं आणि तिथेच चुकलो. मुलाचा सगळा वेळ उत्तर लिहायच्या चौकटीत जातो. ती धड नसेल तर बाकीची रंगरंगोटी काय कामाची?

पहिली पायरी झाडाझडतीची. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडला. एकाच कामाची बटणं एकाखाली एक लावली की घोळ आपोआप दिसतो: कुठे 'जमा करा', कुठे 'सबमिट', कुठे नुसतं 'ओके'. बटण दाबलं की लगेच गुण लागतील या धास्तीने मुलं हात आखडता घेत होती. म्हणून 'उत्तर तपासा' आणि 'शिक्षकांकडे पाठवा' अशी दोन वेगळी बटणं केली. शब्द आधी, आकार नंतर.

मग लिपी. बटणाची उंची ३६ पिक्सेलला बांधलेली होती. इंग्रजी त्यात नीट बसायचं, 'पूर्ण' मधला ऊकार मात्र खालून आणि रफार वरून कापला जायचा. बांधलेली उंची काढली, किमान ४८ ठेवली आणि देवनागरीसाठी लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.६ केली. शीर्षकांना अर्धा पिक्सेल लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, होतं. त्याने शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटत होती. गुजरातीला शिरोरेघच नाही, त्यामुळे गुजराती पानं तपासणाऱ्याला यात काही वावगं दिसेना. मराठी मजकुराला कोडमध्ये भाषेची खूण मराठीचीच द्यावी, हिंदीची नको. फाँटमध्ये दोन्ही वळणं असतील तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. तिसरी-चौथीच्या मुलांना ते फार जाणवतं.

रंगांवर कमी वेळ गेला. टोकनचं (कोडमध्ये साठवलेल्या रंगाचं) नाव 'हिरवा' असं ठेवू नये, 'उत्तर-बरोबर' असं कामावरून ठेवावं. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या नियमावलीप्रमाणे साध्या मजकुराला ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) लागतो, आमच्या फिकट राखाडी सूचना त्यात नापास झाल्या. चूक-बरोबर नुसत्या लाल-हिरव्यावर ठेवलं तर रंगांधळ्या मुलाला काहीच कळत नाही. खूण हवी आणि शब्दही हवा.

आता चौकट. गणिताचं उत्तर मुलाने '१२' असं मराठी आकड्यांत लिहिलं की अ‍ॅप चूक दाखवायचं, कारण जावास्क्रिप्टच्या हिशेबी ती संख्याच नव्हे. तपासण्याआधी देवनागरी आणि गुजराती आकडे इंग्रजीत बदलून घ्यायचे, मुलाला मात्र त्याने लिहिलेलेच दाखवायचे.

शुद्धलेखनात याहून चिवट भानगड निघाली. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत (पाय मोडायची खूण) देतात, काही साधा र, हलंत आणि मागे एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक, पण तुलनेत वेगळे. युनिकोड म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक द्यायची जागतिक पद्धत. तिच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने, हा फरक जात नाही. 'तो जोडक उडवूनच टाकू' ही पहिली सूचना आली. तो उडवला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगराच्या दऱ्या जाऊन समुद्र आला! उपाय असा: तुलनेआधी र-हलंत-जोडक या तिकडीच्या जागी ऱ-हलंत घालायचं. हा नियम चौकटीच्या कंपोनंटमध्येच, म्हणजे सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एकाच तयार तुकड्यात, ठेवला. प्रत्येक सरावात वेगळा लिहिला असता तर कुठे ना कुठे राहिलाच असता.

नेटवर्क गेल्यावर लिहिलेलं उडायचं. आता टाइपिंग थांबलं की मजकूर फोनमध्येच जतन होतो आणि चौकटीखाली 'जतन झालं, पाठवायचं बाकी' असं दिसतं. पूर्वी नुसतं गोल फिरणारं चक्र होतं. मुलं तीनतीनदा पाठवायची आणि शिक्षकांकडे एकाच उत्तराच्या तीन प्रती पोचायच्या.

चाचणीला एका फेरीत पाच मुलं पुरतात. दुरुस्ती करून पुन्हा पाच. मात्र शेजारी आई किंवा बाई नकोत, नाहीतर मूल पडद्याऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. फोन घरचाच आणायला सांगावा. आजीच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं आणि तिथेच आमची बटणं एकमेकांवर चढली. ऑफिसातल्या नव्याकोऱ्या फोनवर हे कधीच दिसलं नसतं.

बदल एका वेळी एकाच कंपोनंटचा सोडला, परीक्षेच्या दिवसांत काहीच नाही.

मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर दाखवणाऱ्या गोलाने शेवटपर्यंत छळलं. 'श्रीकांत'चं पहिलं अक्षर म्हणून तिथे नुसता 'श' यायचा. ब्राउझरच्या सेगमेंटरला (मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या सोयीला) अक्षरं तोडायला सांगितलं, पण जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फोनांवर हलंतासकट लटकणारा 'श्' दिसू लागला. अखेर गोलात हजेरी क्रमांक टाकला.