तुम्ही विचारलंत म्हणून: ते दार मी का काढलं

दरवर्षी जानेवारीत आपण कलामंडळातले सगळे भेटतो. मिसळ येते, फोटो निघतात आणि रस्स्याचा दुसरा वाडगा यायच्या आत कुणीतरी विचारतंच, "आता तरी सांग, तू थांबली का नाहीस?" सगळे हसतात, मीही हसते आणि बोलणं मुलांच्या ॲडमिशनवर जातं. पण गेल्या महिन्यात हाच प्रश्न मला आपल्या कॉलेजच्या आत्ताच्या टीममधल्या एका मुलीनं विचारला. आपण फिरोदिया करंडकाची ती फायनल केली तेव्हा, २००२ साली, ती जन्मलीही नव्हती. तिच्यापर्यंत गोष्ट पोहोचली आहे ती अशी: एका चित्रवालीनं फायनल घालवली. हे ऐकल्यावर मला नीट झोप लागली नाही. म्हणून लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुरतं सांगते. पुण्यात १९७४ पासून फिरोदिया करंडक होतो. एकाच कथेत नाटक, गाणं, वाद्यं, नाच, चित्र, शिल्प, जे जे कॉलेजात कुणाला येतं ते गुंफायचं आणि रंगमंचावर प्रेक्षकांसमोर करून दाखवायचं. आमचं नाटक पानशेतच्या पुरावर होतं. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या नाटकातले आजोबा नारायण पेठेतले. चाळीस वर्षांनी ते नातीला आपला पडलेला वाडा सांगतायत आणि नात तो मोठ्या कापडावर रंगवते आहे, एवढाच प्रसंग. आजोबांना सगळं आठवतं. जोतं, ओसरी, खिडकीचे गज, तुळस, परसातला आड. फक्त दार आठवत नाही. चित्रात दाराची जागा कोरी राहते, नात ब्रश खाली ठेवून मागे सरते आणि आजोबांचं शेवटचं स्वगत सुरू होतं. आई मागे पळत येऊ नये म्हणून त्या दाराला बाहेरून कडी त्यांनीच घातली होती.

नात मी होते. फायनलला मी ब्रश खाली ठेवला नाही. मी दार काढलं.

आधी माझी बाजू सांगते, कारण ती कुणी ऐकूनच घेतलेली नाही. आपल्या कलामंडळाचं वर्ष दोन ऋतूंचं असायचं. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक, एकांकिकांची स्पर्धा. तो लेखकाचा, दिग्दर्शकाचा, नटांचा. भरत नाट्य मंदिराबाहेर "आव्वाज कुणाचा" म्हणून घसा फोडायला आम्ही सगळे, लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे लाकडी चौथरे, उचलायला आम्ही सगळे, पण तालमीत काय चाललंय ते ठरवणारे चौघंच. हिवाळ्यात फिरोदियाचे दिवस आले की तेच चौघं जिन्याखालच्या खोलीतून बाहेर यायचे आणि वर्गावर्गांतून फिरायचे, "कुणी तबला वाजवतं का? कुणाला मातीकाम येतं? कथक?" मी अशीच सापडले. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, वहीच्या मागच्या पानावर सरांचा चेहरा काढताना. तीन महिने माझं नाव कुणी घेतलं नाही. "चित्रवालीला बोलवा." "चित्रवालीला किती मिनिटं लागतात?" रागाने नव्हतं कुणाचं. तबलेवाला होता, कथकवाल्या होत्या, तशी मी. पण तबलजीचा ठेका ऐकून नट आपली चाल बदलायचे, आणि माझ्या चित्राकडे तालमीत कुणी वळूनसुद्धा पाहायचं नाही, कारण सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे.

कापडाचंही सांगते. मांजरपाट, सहा फूट बाय आठ फूट, चौकटीवर ताणलेला. डिस्टेंपरमध्ये रंगासाठी स्टेनर मिसळायचे, बोहरी आळीतून आणलेले, आणि भिंती रंगवायचा तीन इंची ब्रश, कारण शेवटच्या रांगेतून रेघ दिसली पाहिजे. रोज तालमीला तोच वाडा काढायचा आणि रात्री पांढऱ्या रंगाचा हात मारून तो पुसायचा. वॉचमन दिवे घालवायला यायचा तेव्हा मी एकटी कापड पांढरं करत असायची. प्राथमिक फेरी धरून मी तो वाडा एकवीस वेळा काढला. एकवीस वेळा बिनदाराचा.

रंगमंचावर आपण काय रंगवतो आहोत हे आपल्याला दिसत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुराच्या प्रसंगाला दिव्यांवर निळे जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लागायचे. निळ्या प्रकाशात तपकिरी काळा दिसतो, तांबडा काळा दिसतो, सगळे डबे एकसारखे. म्हणून प्रत्येक डब्याला चिकटपट्टी लावून मी आकडे लिहिले होते. एक पांढरा, दोन पिवळी माती, तीन जोत्याचा करडा, चार पाना-फुलांचा, पाच काळपट तपकिरी. पाचाचा डबा गजांसाठी होता. मी आकडे वाचून रंगवत होते, रंग बघून नाही.

आता ती रात्र. सुरुवात चांगली झाली. पहिल्यांदाच प्रेक्षागृह पूर्ण शांत होतं, आणि कापड इतकं ताणलेलं होतं की ब्रशचा आवाज मलाच ऐकू येत होता, खर्र, खर्र, खराट्यासारखा. आजोबा ओसरी म्हणाले, मी ओसरी काढली. तुळस म्हणाले, मी तुळस काढली. आजोबा झालेल्या मुलाचा आवाज इतका खरा कधी लागला नव्हता. (त्याचं नाव लिहीत नाही. तो हे वाचेल.) आणि तेव्हा माझा हातही तसाच लागला होता. एरवी गज काढताना मी मोजायचे, एक, दोन, तीन, चार. त्या दिवशी मोजले नाहीत, ते आपोआप सरळ आले. मग तो थांबला आणि म्हणाला, "आणि दार..." इथे हार्मोनियमवर चार सूर. ते संपताना विंगेतून बॅटरी एकदा लागते आणि विझते. तो माझा क्यू, ब्रश खाली ठेवायची खूण.

बॅटरी मला दिसली.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तुम्हा सगळ्यांना मी सांगत आले की मला दिवा दिसला नाही. त्याच रात्री, सामानाच्या टेंपोत, लेव्हलवर बसून आजोबा झालेल्या त्यानं मला पहिल्यांदा विचारलं होतं, आणि त्यालाही मी हेच सांगितलं. मग विंगेत उभ्या असलेल्या पोराला सगळ्यांनी धरलं. तू बॅटरी उशिरा दिलीस, तुझे सेल उतरले होते. त्यानं पुढच्या वर्षी कलामंडळात नाव दिलं नाही. त्याबद्दल माझ्याकडे कसलीही बाजू नाही. तू वाचत असशील तर, बॅटरी बरोबर वेळेवर होती. माझ्या उजव्या हाताला, पडद्याच्या चुण्यांत, पिवळा ठिपका. तो विझलेलाही मी पाहिला.

आणि मी पाचाच्या डब्यात ब्रश बुडवला.

दोन उभ्या फटकाऱ्यांत चौकट. आडवा एक, खाली उंबरठा जाड. मग दोन फळ्या, मध्ये फट ठेवून. हार्मोनियमवाल्यानं तेच चार सूर पुन्हा वाजवले, मग तिसऱ्यांदा. मला ऐकू येत होतं. पाठीमागे तो उभा होता आणि माझ्या मानेला त्याचं बघणं कळत होतं. फळ्या झाल्या तेव्हा थांबले असते तरी निभावलं असतं. मी ब्रश आडवा धरला आणि टोकानं कडी काढली. बाहेरून घातलेली. मग बाजूला झाले.

त्यानं स्वगत सुरू केलं नाही. पहिलंच वाक्य होतं, "दार कसं होतं ते मला आठवत नाही," आणि दार तर सगळ्यांसमोर होतं, ओलं, ओघळ येत असलेलं. तो चित्राकडे चालत आला. संहितेत हे नव्हतं. त्यानं कडीवर बोट ठेवलं, बोट काळं झालं, ते त्यानं धोतराला पुसलं. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" आणि गप्प झाला. विंगेतल्यांना वाटलं तो विसरला, आणि ब्लॅकआउट घेतला. दीड पानाचं स्वगत, जे त्यानं तीन महिने रोज रात्री घोकलं होतं, ते फायनलला झालंच नाही. त्याचं शेवटचं वर्ष होतं. पुढे तो बँकेत लागला.

आपल्याला सांघिक काही मिळालं नाही. चित्रासाठी वैयक्तिक बक्षीस मला मिळालं. ते घ्यायला वर गेले तेव्हा आपल्या रांगेतून टाळ्या आल्या, पण हळू, हे मला आजही ऐकू येतं.

का केलं? याचं एक उत्तर असतं तर कधीच देऊन मोकळी झाले असते.

पंचवीसाव्या वर्षी मी म्हणायचे, बरोबर केलं. एकवीस रात्री पुसलेल्या कामाला एकदा पूर्ण व्हायचा हक्क होता. मी ज्या क्लासला जायचे तिथल्या सरांनी आपला प्रयोग पाहून म्हटलं होतं, "हे चित्र नव्हे, जादूचे प्रयोग आहेत." ते मला लागलं होतं. मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडायचे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमाच्या आधी संगीत नाटकांचे पडदे रंगवलेच ना? त्यांना कुणी जादूगार म्हटलं? नाटकासाठी काढलेलं चित्र कमअस्सल कसं? आज त्या पंचवीस वर्षांच्या मला मी सांगेन की बाई, तुझा दाखला चुकला. पडदा तिसऱ्या घंटेच्या आधी पूर्ण झालेला असतो. तो कुणाच्या बोलण्याच्या मध्ये येत नाही. तू चित्रासाठी भांडत होतीस की "चित्रवाली" म्हटल्याचा हिशेब करत होतीस, ते तुलाच माहीत नव्हतं.

पण हेही पुरतं खरं नाही. हिशेब करायचा असता तर मी प्राथमिक फेरीलाच केला असता. त्या क्षणी माझ्या डोक्यात तुम्ही कुणीच नव्हता. मी नात होते. समोरचा म्हातारा सगळं सांगतो, आडाच्या रहाटाचा आवाज सांगतो, आणि रोज ज्यातून ये-जा केली ते दार त्याला आठवत नाही? नातीला कळणारच. कळल्यावर ती जागा कोरी ठेवून मागे सरेल? आपल्या लेखकानं तिला एक वाक्य दिलं नव्हतं. पूर्ण नाटकात ती फक्त रंगवते. मग तिला जे कळलं ते ती कशानं बोलणार? ब्रशानंच ना? या उत्तरावर मी काही वर्षं पक्की होते. प्रयोगानंतर बाहेर एका बाईंनी माझा हात धरून म्हटलं होतं, "आमचंही घर गेलं पानशेतात, तो कडीला हात लावतो तिथे मला रडू आलं." ते मी कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं आहे.

तरीही ते स्वगत चांगलं होतं. आपल्या कॉलेजात लिहिलं गेलेलं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं. कोऱ्या दारासमोर ते झालं असतं तर त्या बाई कदाचित जास्त रडल्या असत्या. आणि नातीला जे कळलं ते मी तालमीत का बोलले नाही? लेखकाला म्हणता आलं असतं, अरे, तिला हे कळतंय, काहीतरी कर. त्यानं ऐकलं नसतं असं मी वर्षानुवर्षं धरून चालले. विचारलं मात्र एकदाही नाही. नटानं फायनलला मनाचं वाक्य घातलं तर त्याला आपण काय म्हणतो? मग मी काढलेली कडी निराळी कशी? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि केलं त्याचा पश्चात्ताप झाला असंही मनापासून म्हणवत नाही. ते दार चांगलं आलं होतं. निळ्या उजेडात, रंग न दिसता, घाईत काढलेलं, पण उंबरठ्याचं वजन बरोबर होतं. तसं दार मला पुन्हा साधलेलं नाही. शाळेत चित्रकला शिकवते, दरवर्षी पोरांकडून वाडे काढून घेते, फळ्यावर दार काढून दाखवते. ते दारासारखं दिसतं, एवढंच.

त्या कापडाचं काय झालं हेही तुम्ही विचारता. मी ते पांढरं केलं नाही, तसंच गुंडाळून खोलीत ठेवलं. दोन वर्षांनी गेले तेव्हा ते उलटं करून मागच्या बाजूला कुणीतरी जंगल रंगवलं होतं. माझी तक्रार नाही, मांजरपाट महाग असतो. झाडांच्या मधून चौकटीच्या दोन काळ्या रेघा फुटून आल्या होत्या, नीट बघितलं तरच दिसतील अशा.

तर गेल्या महिन्यात मी त्या मुलांच्या तालमीला गेले. त्यांनीच बोलावलं होतं, रंग प्रकाशात कसे बदलतात ते सांगायला. यांच्याही नाटकात चित्र आहे, आणि तेही शेवटी अपुरं राहतं. तालीम संपल्यावर तीच मुलगी थांबली, हाताला कोपरापर्यंत पांढरा रंग. तिनं विचारलं, तुम्ही का नाही थांबलात? मी म्हटलं, तुला बॅटरी दिसली की ब्रश खाली ठेवायचा. आणि त्या आधी, आजच, दिग्दर्शकाला विचार की जागा कोरी का ठेवायची, आणि त्याचं उत्तर पटेपर्यंत सोडू नकोस.

ती म्हणाली, "आणि पटलं तरी हात नाही थांबला तर?"

तिचे डबे तसेच उघडे होते. मी चिकटपट्टी मागून घेतली आणि आकडे लिहायला बसले.