गदेचा दोरा

जुन्या सिनेमांच्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या, हे माझं काम. त्या दिवशी एका कृष्णधवल पौराणिकपटाचं चौथं रीळ लावलं होतं. राक्षस हवेत विरायला लागला आणि चित्र एकदम मऊ पडलं, दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, फुगला. ऑप्टिकल! अशा शॉटसाठी प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर ठेवून एकेक फ्रेम पुन्हा टिपायचे. नकलेची नक्कल, दाणा वाढणारच. विरणं संपलं तशी चित्राला पुन्हा धार आली.

पुढच्या शॉटमध्ये काळ्याभोर आकाशातून गदा झेपावते. थांबवून मोठी करून पाहिली, तर तिच्यावर केसाएवढ्या तीन रेघा, किंचित चमकणाऱ्या. दोरे! मी खुर्चीतून उठलेच.

काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यानं वस्तू उडवायची, ही सिनेमात ट्रिकसीन करणाऱ्या बाबूभाई मिस्त्रींची करामत. 1937च्या 'ख्वाब की दुनिया'नंतर त्यांना 'काला धागा' म्हणायला लागले होते. हा सिनेमा त्यांचा नव्हता, पण युक्ती तीच. पडदा काळा असला की फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. ती मागे गुंडाळून त्याच जागी दुसरं काही टिपता येतं.

निर्मात्याकडच्या माणसानं फोनवर सांगितलं, "वायर पुसून टाका." मी हटून बसले. कुणाचं तरी कसब आहे ते, पुसायचं कसं?

नेमके आमचे काका आले होते. उभी हयात ऑप्टिकल खात्यात काढलेली. मला वाटलं, हे माझी बाजू घेतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं.

"पूस की."

"काका, तुम्ही म्हणताय हे?"

"अगं, दोरा दिसला म्हणजे आमचं काम फसलं. थेटरात कुणाला दिसला होता तो?"

खरंच की. प्रिंट निघेपर्यंत आणि ती थेटरच्या पडद्यावर जाईपर्यंत एवढी बारीक रेघ बुडूनच जायची. मूळ निगेटिव्ह स्कॅन करून ती उघडी पाडली होती मीच.

कच्चा स्कॅन दोऱ्यांसकट जपून ठेवला आणि पुसायला बसले. दोन सेकंदांचा शॉट, म्हणजे 48 फ्रेम. काका शेजारी चहा घेत बसले होते. मधेच म्हणाले, "तीनच? चौथा असणार. नाहीतर गदा गरकन फिरली असती. मुठीपाशी बघ."

मोठं केलं. होता.

"तोही पूस," काका म्हणाले आणि खूश होऊन बशीत चहा ओतला.