तीनदा उमटलेली प्रतिक्रिया

पुस्तकांच्या एका संकेतस्थळावर आमचा दहा-बाराजणांचा गट आहे. वाचलेल्याची नोंद ठेवायची, तारे द्यायचे आणि एकमेकांच्या परीक्षणांखाली भांडायचं, एवढाच उद्योग. गटातल्या एका मैत्रिणीची प्रतिक्रिया बऱ्याचदा तीनदा उमटायची. शब्दन् शब्द तोच, एकाखाली एक. मी एकदा तिला चिडवलंही होतं, "अगं, एकदा म्हटलेलं कळतं आम्हाला." ती अंध आहे हे मला माहीत होतं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

पुढे त्या संकेतस्थळाच्या चालकांनी सुगम्यता, म्हणजे अपंग वाचकांनाही ते नीट वापरता येतं का, हे तपासायला वाचकांमधूनच स्वयंसेवक मागवले. नोकरीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच करते, त्यामुळे मोठ्या ऐटीत नाव दिलं. मोजपट्टी म्हणून डब्ल्यूसीएजी २.२ घेतली. ही वेब सुगम्यतेच्या निकषांची ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली आवृत्ती. त्यात ए, एए आणि एएए अशा तीन चढत्या पातळ्या आहेत, आणि साधारणपणे सगळे एए गाठायचं ठरवतात. मीही तेच ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी लाइटहाउस, म्हणजे पान आपोआप तपासून गुण देणारं टूल, चालवलं. १०० पैकी ९६! एकच मोठी तक्रार होती, तारखा आणि वाचकांची नावं पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात असल्याची. कॉन्ट्रास्ट भरला २.८५ला १, आणि साध्या मजकुराला हवा किमान ४.५ला १. रंग थोडा गडद केला की झालं. मी मैत्रिणीला कळवलं, "फार काही निघत नाहीये गं." ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर बस."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकायला लावलं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो. मग स्क्रीन बंद करायला लावली. तिच्या वेगाने तो बोलायला लागला तेव्हा मला एक अक्षर कळेना, वेग निम्म्यावर आणला. पुस्तकाचं पान उघडलं. एच दाबत गेलं की एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नाव आलं, लेखक आला, सारांश आला. छान चाललं होतं. मग तिने विचारलं, "आता याला चार तारे दे."

टॅब दाबला. लेखकाच्या नावावरून फोकस, म्हणजे कीबोर्डची पानावरची सध्याची जागा, थेट 'शेअर करा'वर गेला. उलटा आले, पुन्हा पुढे गेले. तारे नव्हतेच. स्क्रीन चालू केली तर पाचही तारे जागच्या जागी पिवळे चमकत होते. कोडमध्ये पाहिलं. पाच साधे स्पॅन, म्हणजे स्वतःचं काही काम नसलेले कोडचे तुकडे, आणि त्यांत चित्रं, तीही स्क्रीन रीडरपासून लपवलेली. फक्त माउसची क्लिक ओळखणारे. तिथे बटण असायला हवं होतं, हे टूलला कुठून कळणार? त्याच्या लेखी ती नुसती सजावट. पाच रेडिओ बटणं (एका वेळी एकच निवडता येणारी) ठेवून वरून ताऱ्यांचं रूप दिलं असतं तर बाणाच्या कळांनीही काम झालं असतं. या संकेतस्थळावर तिने आजवर एकाही पुस्तकाला तारे दिले नव्हते. आणि आम्ही समजत होतो, तिला गुण देत बसणं आवडत नाही.

मुखपृष्ठांचंही तसंच. प्रत्येक चित्राला आल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचा मजकूर, होतं, म्हणून टूल खूश. पण ते सगळ्यांना एकच, 'मुखपृष्ठ'. ४० पुस्तकांचं शेल्फ ऐकताना 'मुखपृष्ठ, लिंक' हे ४० वेळा ऐकावं लागलं, आणि त्यानंतर प्रत्येक नावाची वेगळी लिंक होतीच. चित्र आणि नाव एकाच लिंकमध्ये घालून चित्राचं आल्ट रिकामं ठेवलं असतं तर निम्मी बडबड वाचली असती.

खरा धक्का पुढेच होता. कथानक फोडणारा मजकूर संकेतस्थळावर धूसर दिसतो, दाबलं की स्पष्ट होतो. एका रहस्यकथेच्या परीक्षणावर आम्ही पोचलो आणि एनव्हीडीएने खुनी कोण ते कसलीही सूचना न देता सांगून टाकलं. मी ते पुस्तक वाचत होते! मैत्रीण खदखदून हसली. "माझं हे रोजचंच आहे." मजकूर फक्त दिसायला पुसट केलेला, पानात तो जसाच्या तसा होता. हे कुठल्या निकषात बसवायचं यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी १.३.१ खाली टाकलं. दिसण्यातून जे सांगितलंय ते कोडमधूनही कळलं पाहिजे, असं तो निकष म्हणतो. कुणी वाद घातला असता तरी अहवालात मी ते पहिल्याच क्रमांकावर ठेवलं असतं.

शेवटी तिने प्रतिक्रिया लिहून दाखवली. 'पाठवा'वर एंटर. शांतता. बघणाऱ्याला वर एक हिरवी पट्टी दोन सेकंद दिसते, 'प्रतिक्रिया जोडली'. एनव्हीडीए गप्प, कारण त्या पट्टीला स्टेटसची भूमिका, म्हणजे 'हे आपणहून वाचून दाखव' अशी कोडमधली खूण, दिलेली नव्हती. लिहायचा खोकाही रिकामा होत नव्हता. "गेलं की नाही कळत नाही, मग मी परत दाबते," ती म्हणाली. माझी ती थट्टा मला तेव्हा आठवली. तिलाही आठवली असणार, पण ती काही बोलली नाही.

बाकीची तपासणी मी एकटीने केली. ४०० टक्के झूमवर चिकटून राहणारी वरची पट्टी अर्धी स्क्रीन खाते, टॅबने पुढे गेलं की फोकस तिच्याखाली दडतो. शेल्फवरचा क्रम फक्त ओढूनच बदलता येतो; ज्यांचा हात थरथरतो त्यांनी काय करावं? लेखकांच्या मुलाखतींना कॅप्शन नाहीत. आणि मदतीची लिंक पानाच्या तळाशी, पण खाली जावं तसं पान वाढतच जातं. तळ कुणालाच सापडत नाही, डोळसांनासुद्धा.

अहवालात ३१ नोंदी झाल्या. प्रत्येकीपुढे मी नुसता निकषाचा क्रमांक दिला नाही, त्यामुळे वाचकाला काय करता येत नाही तेही एका ओळीत लिहिलं. 'आवाज ऐकून वाचणाऱ्याला खुनी आधीच कळतो' या ओळीवर चालकांचं त्याच दिवशी उत्तर आलं. निकषांच्या क्रमांकांनी ते इतक्या लवकर हलले नसते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दोन महिन्यांत तारे, धूसर मजकूर आणि हिरवी पट्टी दुरुस्त झाली. ओढण्याचं आणि कॅप्शनचं 'विचाराधीन' आहे. मैत्रिणीने एका बैठकीत साठेक पुस्तकांना तारे दिले आणि मी डोक्यावर घेतलेल्या कादंबरीला दोन. मग आपल्या जुन्या तिहेरी प्रतिक्रिया काढून टाकायला बसली, तर डिलीट सापडेना. ते तीन टिंबांच्या मेन्यूत होतं, आणि त्या टिंबांच्या बटणाला नावच नव्हतं. एनव्हीडीए नुसतं 'बटण' म्हणत होतं. नोंद क्रमांक ३२.