कोनाड्यातला सर्व्हर: वीज, घड्याळ आणि फेडिव्हर्स

आधी सद्यस्थिती सांगते. वरूड तालुक्यातल्या आमच्या घरी, माजघराच्या कोनाड्यात एक रास्पबेरी पाय ४ आहे, चार जीबीचा; हा एक छोटासा संगणक, पुढं त्याला नुसतं पाय म्हणते. त्याला यूएसबीनं एसएसडी जोडली आहे आणि त्यावर गोटूसोशल चालतं, म्हणजे स्वतःचा छोटा सोशल मीडिया सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर. घरातले, भावकीतले आणि संत्रा बागायतदारांपैकी जे तयार झाले ते सगळे आता तिथं लिहितात. मोठ्या प्लॅटफॉर्मवरचं माझं खातं मी कायमचं बंद केलं आहे.

सोडण्याचं कारण एकच होतं, पण ते आमच्यासाठी फार मोठं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडं अवकाळी येतो, गारा येतात. तेव्हा संत्र्याच्या झाडावर आंबिया बहराची फुलं किंवा नुकती बसलेली बारीक फळं असतात आणि मृग बहराचा माल तोडणीला आलेला असतो. मोर्शीकडं आभाळ भरून आलं की तिकडचा कुणीतरी ग्रुपवर लिहितो, आणि आम्ही तोडून ठेवलेल्या ढिगावर ताडपत्री ओढतो. कुणाची पोस्ट कधी दाखवायची हे प्लॅटफॉर्म स्वतः ठरवायला लागल्यापासून ती सूचना आम्हाला गारा पडून गेल्यावर दिसू लागली. मोर्शीच्या माणसाला आम्ही फॉलो केलं होतं, त्यानं वेळेवर लिहिलंही होतं. मधल्या माणसानं ते अडवून ठेवलं. मला असा मधला माणूस नको होता. जो आधी बोलला तो आधी दिसावा, एवढीच माझी मागणी होती, आणि फेडिव्हर्सवर, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यावर, ती मुळातच मान्य आहे.

फेडिव्हर्सवरचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे मॅस्टोडॉन; ते का नाही, हे बऱ्याच जणांनी विचारलं. मॅस्टोडॉन उत्तमच आहे. पण त्याच्यासोबत पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक आणि स्ट्रीमिंगसाठी नोड असा वेगवेगळ्या प्रोग्रामांचा सगळा संसार येतो. मूठभर माणसांसाठी पायवर तो मांडणं मला पटेना. गोटूसोशल गो भाषेतलं आहे, एकच बायनरी (चालवायची एकच फाइल), डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट चालतं आणि रॅम तीनशे एमबीच्या आसपास लागते. त्याला स्वतःचा टाइमलाइन दाखवणारा चेहरा नाही. पण मॅस्टोडॉनचा एपीआय, म्हणजे ॲपांशी बोलायची त्याची भाषा, बोलत असल्यामुळं फोनवर टस्की हे ॲप आणि ब्राउझरमध्ये फॅनपी सरळ चालतं. शिवाय पोस्टची मर्यादा मुळातच पाच हजार अक्षरांची आहे. झाडाच्या डिंक्या रोगावर बोर्डोपेस्ट कशी लावली हे पाचशे अक्षरांत मावत नाही.

जे सुरू करणार आहेत त्यांना एकच गोष्ट कळकळीनं सांगते. डोमेन (सर्व्हरचं इंटरनेटवरचं नाव) शांतपणे निवडा. एकदा फेडरेट झालं, म्हणजे बाहेरच्या सर्व्हरांशी देवाणघेवाण सुरू झाली, की होस्टचं नाव बदलता येत नाही. तुमच्या खात्याची सहीची किल्ली (पोस्ट तुमचीच आहे हे जिच्यामुळं पटतं ती) दुनियाभरच्या सर्व्हरांनी त्या नावाशी बांधून ठेवलेली असते. तेच डोमेन ठेवून डेटाबेस पुसून नव्यानं उभं केलं तर तुमच्या नव्या सहीवर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर जातो, आणि आठवड्याला एक प्रत अमरावतीला भाऊजींकडं.

आता जोडणी. गावात फायबर आलंय, वेगाची तक्रार नाही. पण राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता पाहिला तर तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला. हा पट्टा २०१२ मध्ये खास सीजीनॅटसाठी, म्हणजे कंपनीनं अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देण्यासाठी, राखून ठेवलेला आहे. असा पत्ता दिसला म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरमधून बाहेरच्यांना घरातल्या यंत्रापर्यंत वाट देण्याचा) नाद सोडायचा, बाहेरून तुमच्या घरापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. त्यामुळं मुंबईतला सगळ्यात स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घेतला आणि घरून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणीचा, बोगदा काढला. व्हीपीएस ४४३ आणि ८० पोर्टवर आलेलं सगळं जसंच्या तसं बोगद्यातून पायकडं ढकलतो. टीएलएस, म्हणजे वेबच्या जोडणीचं कुलूप, पायवरच्या कॅडी या वेब सर्व्हरकडं आहे, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट तो स्वतः मिळवतो आणि स्वतः नवं करतो. व्हीपीएसवर ना किल्ली, ना पोस्ट, ना फोटो. नॅटमागं असाल तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळानं जाणारं रिकामं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवा, म्हणजे बोगदा झोपत नाही.

खरं काम विजेपाशी होतं. आमचं गावठाण फीडर वेगळं असलं तरी वारा सुटला की लाइन जाते, आणि पहिल्या पावसात तर हमखास. घरात इन्व्हर्टर आहे, पण उन्हाळ्यात तो पंख्यांनाच पुरत नाही. मी कृषी केंद्रातून फवारणी पंपाची बॅटरी आणली, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची. पाठीवरच्या बॅटरी पंपात असते तीच. हिशेब सोपा आहे: ९६ वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ४८. पाय, एसएसडी, राउटर आणि फायबरचा डबा मिळून पंधरा वॉटच्या आत राहतात. तीन तास निघतात. पंपाबरोबर येणारा चार्जर कायम लावून ठेवू नका. मी १३.७ व्होल्टवर थांबणारा फ्लोट चार्जर वापरते. पायला ५.१ व्होल्ट देणारा चांगला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) घ्या, तीन अँपिअर खरोखर देणारा. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय अंडरव्होल्टेज नोंदवतो, आणि यूएसबीवरची एसएसडी अशा वेळी सगळ्यात आधी रुसते.

तीन तासांपेक्षा जास्त वीज गेली की सगळं बंद पडणार, हे मी धरूनच चालले होते. पण वीज आल्यावरही सर्व्हर उठेना, तेव्हा खोदायला बसले. घरात नेट व्यवस्थित, फोन चालू, पाय चालू. बोगदा तेवढा मेलेला. वायरगार्डच्या यादीत शेवटच्या हँडशेकचा, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना ओळखल्याचा, रकानाच नाही. व्हीपीएसवर पॅकेट पोचताना दिसत होते, पण तिकडून उत्तर नाही, नकारही नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, मागं येऊन उभे राहिले.

"लाइन आली ना आता. मंग तुयं मशीन काऊन चालत नाही वं?"

मी तारीख विचारून पाहिली आणि उत्तर समोरच आलं. पायच्या लेखी अजून काल संध्याकाळचे सात वाजले होते.

"त्याले टाइमच समजत नाही बाबा. कालच्या सांजेतच अडकून हाये."

"मंग त्याले घड्याळ घेऊन दे ना."

बाबांनी सांगितला तोच खरा उपाय निघाला. पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तासाभरानं एकदा तो वेळ फाइलीत लिहून ठेवतो, आणि अचानक वीज गेली तर उठल्यावर तिथूनच पुढं मोजायला लागतो. एरवी काही सेकंदांत एनटीपीकडून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून, खरी वेळ मिळते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडं मात्र पायची सगळी वाहतूक बोगद्यातून जात होती, कारण बाहेरून आलेल्या विनंतीचं उत्तर त्याच वाटेनं परत जायला हवं. आणि वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला की समोरचा तो गुपचूप टाकून देतो, कुणी जुनं पॅकेट पुन्हा पाठवून फसवू नये म्हणून. म्हणजे वेळ मिळवायला बोगदा हवा आणि बोगदा उघडायला वेळ हवी. असा तिढा पडल्यावर पायचं घड्याळ शेवटच्या शिक्क्याच्या पुढं जाईपर्यंत, म्हणजे फार तर तासभर, बोगदा उघडत नाही, आणि मध्येच वीज तोडून पाय पुन्हा चालू केला तर घड्याळ परत मागं जातं.

डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं छोटं मॉड्यूल मागवलं. पायच्या पिनांवर थेट बसतं, शेंगदाण्याएवढा सेल त्यालाच चिकटलेला असतो. बूट कॉन्फिगमध्ये त्याची एक ओळ टाकायची, आय-टू-सी (चिपशी बोलायची जोडणी) सुरू करायचं आणि ते फाइलीतलं नकली घड्याळ काढून टाकायचं. हे घड्याळ वर्षाला मिनिटभराच्या आसपास चुकतं, आपल्याला ते भरपूर झालं. शिवाय एनटीपीची वाहतूक बोगद्याबाहेरून, सरळ राउटरमधून जाईल असा एक नियम घातला. त्यानंतर आलेल्या वादळात रात्रभर लाइन नव्हती. पहाटे आली आणि मी चहा ठेवेपर्यंत टाइमलाइन भरायला लागली होती.

घड्याळाचं महत्त्व बोगद्यापुरतंच नाही. ॲक्टिव्हिटीपबमध्ये, म्हणजे फेडिव्हर्सचे सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, एका सर्व्हरनं दुसऱ्याला पाठवलेल्या प्रत्येक गोष्टीवर सही असते आणि सहीत तारीख असते. मॅस्टोडॉन साधारण बारा तासांपर्यंतचा फरक चालवून घेतो, त्यापलीकडची सही नाकारतो. जुनाट घड्याळाचा सर्व्हर लिहीत राहतो आणि त्याचं कुणाकडंच पोचत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आता. आमचा सर्व्हर बंद असताना बाहेरच्यांनी लिहिलेलं वाया जात नाही. मॅस्टोडॉन आमचं दार ठोठावतो, उत्तर नाही आलं तर काही सेकंदांनी पुन्हा, मग काही मिनिटांनी, मग तासांनी, असं अंतर वाढवत साधारण दोन दिवस प्रयत्न करत राहतो. वेगवेगळ्या सात दिवशी पाठवणी फसली तरच तो आम्हाला बंद समजतो, आणि आमच्याकडून एखादी पोस्ट त्याच्यापर्यंत पोचली की ती नोंदही पुसली जाते. २०१८ च्या जानेवारीत वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं ॲक्टिव्हिटीपबला मान्यता दिली, तेव्हाच त्यात लिहून ठेवलंय की समोरचा नेटवर्कच्या अडचणीमुळं सापडला नाही तर पुन्हा पाठवावं. सर्व्हर म्हणजे चोवीस तास एसीत ठेवलेली वस्तू असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. लाइन जाणाऱ्या गावातही सर्व्हर बरोबरीनं राहू शकतो, त्याला कुणी यादीतून काढत नाही. विदर्भातल्या खेड्यांनी हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं ते यामुळंच. गारांचा इशारा मात्र वीज असतानाच कामाचा, म्हणून बॅटरीचे ते तीन तास माझ्यासाठी पवित्र आहेत.

जुन्या खात्याचं संग्रहण उतरवून घेतलं त्याबद्दल. आमच्या बागेच्या नोंदी त्यातच होत्या: ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं, फूल कधी निघालं, फळगळ कुठल्या आठवड्यात सुरू झाली. जेसॉन फाइल उघडली तर मराठीच्या जागी नुसता कचरा. पण कचरा नियमानं पडलेला होता. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइट घेते. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी, पाच चिन्हं, पंधरा बाइट. निर्यात करताना त्यातला एकेक बाइट स्वतंत्र लॅटिन अक्षर समजून लिहिला गेला होता. पायथॉनमध्ये मजकूर लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट धरणारी पद्धत) म्हणून बाइटांत बदलायचा आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे, बस. पहिली दुरुस्त झालेली ओळ पडद्यावर आली: "आज खालच्या बांधाकडल्या झाडायले पाणी सोडलं." बाबांनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत मी टिपून ठेवलेलं. माझे डोळे भरून आले.

गोटूसोशलमध्ये मागच्या तारखेनं पोस्ट टाकायची सोय आहे, त्यामुळं या नोंदी आता ज्या त्या तारखेला जाऊन बसल्यात. सगळ्या नाही, बहराच्या तेवढ्याच आणल्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा तिकडंच राहू दिल्या.

माणसांचं म्हणाल तर ज्येष्ठांना काही अवघड गेलं नाही. टस्कीत एकदा लॉगिन करून दिलं की त्यांना फक्त लिहायचं आणि फोटो टाकायचा असतो. फोटोतलं जीपीएसचं ठिकाण गोटूसोशल स्वतःच काढून टाकतं, हे बागेचे फोटो टाकणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. तरुण पोरं कमी आली, त्यांना रील लागतात. नोंदणी बंद ठेवली आहे, ओळखीच्या माणसालाच खातं मिळतं. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये पोस्टची भाषा मराठी करून दिली आहे. हे तुम्हीही करा, नाहीतर भाषेनुसार गाळून वाचणाऱ्यांच्या चाळणीत आपलं मराठी इंग्रजी म्हणून पडतं. बाहेरच्या फोटोंचा साठा मुळात सात दिवस राहतो, तो मी तीनवर आणलाय, एसएसडी छोटी आहे.

उन्हाळ्याचं थोडं. कोनाडा मातीच्या जाड भिंतीत आहे, त्यामुळं बाहेर ४५ असताना आत बरंच सुसह्य असतं. पाय ८० अंशांवर वेग कमी करायला लागतो. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये पंख्याशिवाय तो अजून तिथवर गेलेला नाही. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. हवा गार वाटते, पण ताट्यांवरून आलेला दमटपणा आणि पाण्यातले क्षार पिनांवर चढतात.

बॅटरीचं पुढं काय करायचं तो प्रश्न उरलाय. फवारणी पंपाची बॅटरी अशा उष्णतेत फार वर्षं टिकत नाही, म्हणून लिथियम फेरो फॉस्फेट घ्यायचा विचार आहे. पण त्या सेलांना साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं उत्पादक सांगतात, आणि आमच्याकडं मे महिन्यात दुपारची लाइन येते तेव्हा नेमकं तेच तापमान असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं कुणी असा सेट चालवत असेल तर चार्जिंग दुपारी कसं थांबवता ते सांगा. तापमानाचा सेन्सर लावून चार्जर तोडणारा रिले मी कागदावर काढून ठेवलाय, पुढच्या नोंदीआधी तो जोडून पाहते.