आधी ब्रेक

इकडे हिंगणघाटकडे जुनी मारुती एस्टीम गाडी रेसिंग ट्रॅकसाठी तयार करतो म्हटलं की पहिला प्रश्न इंजिनचा. माझं मात्र आधी ब्रेक! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की ही हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर लागोपाठ ब्रेक मारले अन् आत वाफ झाली, तर पेडल सरळ खाली!

आज पुतण्याला आत बसवून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. "दाब... धरून ठेव... सोड." नळीतून आधी चहासारखं काळपट ऑइल, बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. पेडल मस्त कडक झालं. पोट्ट्यानं न सांगता चारही चाकांचे निपल (हवा काढायचे स्क्रू) परत तपासले, फार बरं वाटलं. पुढचे पॅड कापसाचे पैसे आले की.